हरकत आधी ऐका, इसार मग द्या

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दोन दिवस आपण तलाक, पोटगी, शिष्यवृत्ती, मतदार यादी अशा विषयांवर बोललो. मला दिलेला विषय त्या मानाने रुक्ष आहे. घर किंवा जमीन विकत घेताना मालकीवर येणाऱ्या हरकती आणि मिळकतीवर असलेले दुसऱ्यांचे वहिवाटीचे हक्क, यांचा व्यवहारावर काय परिणाम होतो, ते मी सांगणार आहे. मी दिवाणी वकिली करतो, त्यामुळे हा माझा रोजचा विषय आहे. पण तो आपल्या चळवळीचाही विषय का आहे, ते आधी सांगतो.

आपल्या मदत केंद्रात एखादी बहीण येते आणि म्हणते, "अब्बांच्या पश्चात भावांनी घर विकलं, मला विचारलंसुद्धा नाही." आपण तिच्या बाजूने उभे राहतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच घराचा खरेदीदारही कधीतरी आपल्याच दारात येतो. तो रिक्षा चालवतो, नाहीतर आखातात दहा वर्षे राबून परत आलेला असतो. तो म्हणतो, "मी पूर्ण पैसे मोजले, आता कोर्टाचा समन्स आलाय, माझी काय चूक?" या दोघांचे भांडण लागते, आणि पैसे घेतलेला तिसराच माणूस निवांत असतो. हे भांडण बहुतेक वेळा टाळता येते. ते टाळण्याची जागा कोर्ट नाही. ती जागा साठेखत आहे, इसार देण्याच्या आधीचे ते चार-सहा आठवडे आहेत.

आपल्या वस्त्यांमध्ये हा धोका जास्त का, याचीही कारणे समजून घ्या. मिश्र वस्तीत घर मिळणे अवघड जाते, म्हणून लोक ठराविक मोहल्ल्यांत दाटीवाटीने राहतात. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानेही या एकवटण्याची नोंद घेतली आहे. जागा कमी, घेणारे जास्त, म्हणून जे मिळेल ते पटकन घ्यायची घाई होते. दुसरे कारण असे की, व्याजाचे कर्ज नको म्हणून अनेक कुटुंबे बँकेकडे जात नाहीत. हा त्यांचा श्रद्धेचा प्रश्न आहे, मला त्यावर काही म्हणायचे नाही. पण कर्ज घेतले की बँकेचा वकील निदान एकदा कागद चाळतो. रोखीने व्यवहार करणाऱ्याचे कागद कुणीच चाळत नाही. तिसरे कारण, नोटरीच्या शिक्क्यावर असलेला आपला भाबडा विश्वास. शंभर किंवा पाचशे रुपयांच्या स्टॅम्पवर लिहिले, नोटरीने शिक्का मारला, की घर आपले झाले असे लोक समजतात.

तेव्हा पहिली गोष्ट पक्की करून घेऊ. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्याचे कलम ५४ सांगते की विक्रीचा करार, म्हणजे आपले साठेखत, स्वतःहून मिळकतीत कोणताही मालकीहक्क निर्माण करत नाही. मालकी जाते ती नोंदणी केलेल्या खरेदीखताने. साठेखताच्या जोरावर ताबा टिकवायचा असेल, तर २००१ च्या दुरुस्तीनंतर ते साठेखतही नोंदलेले असावे लागते. कुलमुखत्यारपत्रावर झालेली 'विक्री' ही विक्रीच नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले आहे. आणि सगळ्यात मोठा नियम तर अगदी साधा आहे: विकणाऱ्याकडे जेवढे आहे तेवढेच तो देऊ शकतो. स्टॅम्प कितीही महागाचा लावा, खरेदीखत कितीही जाड बांधा, त्याच्या हिश्श्यापेक्षा एक इंचही जास्त तुमच्याकडे येत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. ते कुणा एका घरचे नाही, पण तुमच्यापैकी अनेकांना ओळखीचे वाटेल. गावठाणातले एक जुने घर आहे, किंमत ठरली २४ लाख रुपये. घर वडिलांच्या नावावर होते. वडील वारले. मागे पत्नी, तीन मुलगे आणि दोन विवाहित मुली. भावांनी तलाठ्याकडे किंवा सिटी सर्व्हेला अर्ज करून स्वतःची आणि आईची नावे लावून घेतली. बहिणींची नावे दिलीच नाहीत. आता मालमत्ता पत्रकावर चार नावे दिसतात. चौघेही सही द्यायला तयार आहेत. खरेदीदार खूश, कारण सरकारी कागदावर नावे आहेत.

हिशेब करू. सुन्नी हनफी कायद्याप्रमाणे मुले असताना पत्नीला आठवा हिस्सा. उरलेले सात अष्टमांश मुला-मुलींत, मुलाला दोन भाग तर मुलीला एक. घराचे चौसष्ट भाग केले तर आईचे ८, प्रत्येक मुलाचे १४ आणि प्रत्येक मुलीचे ७. तीन मुलांचे ४२, दोन मुलींचे १४, आईचे ८, एकूण ६४. म्हणजे चौघांनी सही दिली तरी खरेदीदाराला मिळाले ५० भाग. बहिणींचे १४ भाग जिथे होते तिथेच आहेत. २४ लाखांच्या हिशेबाने त्यांची किंमत होते ५ लाख २५ हजार रुपये. खरेदीदाराने हे सव्वापाच लाख अशा लोकांना दिले, ज्यांना ते घेण्याचा अधिकारच नव्हता.

इथे नेहमी तीन प्रश्न विचारले जातात.

पहिला प्रश्न: "सरकारी दप्तरात तर बहिणींची नावे नव्हती, मग आमचा काय दोष?" सातबारा, फेरफार, मालमत्ता पत्रक हे महसूल दप्तर आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद खरी आहे असे गृहीत धरतात, पण ते उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही. मुस्लिम कायद्यात वारसाचा हक्क मयताच्या मृत्यूच्या क्षणी उभा राहतो. तलाठ्याने लिहिले की नाही, यावर तो अवलंबून नाही.

दुसरा प्रश्न: "बहिणी वीस वर्षे गप्प होत्या, मग हक्क संपला नाही का?" सहसा नाही. एका वारसाचा ताबा हा सर्वांच्या वतीने ताबा मानला जातो. तिचा हक्क उघडपणे, तिला कळेल असा नाकारला गेला आणि त्यानंतर मुदत उलटली, तरच वेगळा विचार होतो. ईदला भाऊ साडी घेऊन येतो, बहीण माहेरी राहून जाते, या सगळ्यात 'तुझा हक्क नाही' असे कुणी म्हटलेले नसते. म्हणून मुदत सुरूच झालेली नसते.

तिसरा प्रश्न: "वडील असतानाच मुलीने हक्कसोडपत्र लिहून दिलंय." वडील हयात असताना मुलीला त्यांच्या मिळकतीत हक्कच नसतो. असते ती नुसती आशा. जे अजून मिळालेलेच नाही ते सोडता येत नाही. मात्र एक अपवाद लक्षात ठेवा. तिने त्या बदल्यात मोबदला घेतला असेल आणि त्यावर विसंबून घरच्यांनी पुढचे व्यवहार केले असतील, तर नंतर तिला शब्द फिरवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या गुलाम अब्बास खटल्यात हे म्हटले आहे. म्हणून असा कागद दाखवला तर त्याची तारीख बघा, वडिलांच्या मृत्यूची तारीख बघा, आणि बहिणीला काय मिळाले ते विचारा. मृत्यूनंतर केलेले, नोंदणी केलेले हक्कसोडपत्र असेल तर प्रश्न बराचसा सुटतो.

याला जोडून आणखी चार गोष्टी. या हरकती आपल्या कुटुंबांत हमखास निघतात आणि बाहेरच्या वकिलाच्या नजरेतून कधीकधी सुटतात.

वारसांत अज्ञान मूल असेल तर आई त्याच्या वतीने सही करते, आणि सगळे तेवढ्यावर समाधान मानतात. मुस्लिम कायद्यात अज्ञानाच्या मिळकतीचे पालक म्हणजे वडील, त्यांनी मृत्युपत्राने नेमलेला माणूस, आजोबा आणि आजोबांनी नेमलेला माणूस. आई, थोरला भाऊ, काका यांना कोर्टाने नेमल्याशिवाय अज्ञानाची स्थावर मिळकत विकता येत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९१८ साली इमामबंदी खटल्यात हे ठरवले. मुलांना जिवाचे रान करून वाढवणारी आई पालक नाही, हा नियम मला न्याय्य वाटत नाही. तो बदलावा असे आपण म्हणतो आणि म्हणत राहू. पण आज खरेदी करणाऱ्याने आजचा कायदा बघायचा असतो. कोर्टाची परवानगी नसेल तर मुलाच्या हिश्श्याची ती विक्री टिकत नाही.

दुसरी गोष्ट मेहरची. नवऱ्याच्या पश्चात विधवा घरात राहते आहे आणि तिचा मेहर द्यायचा राहिला आहे. तिच्याकडे ताबा रीतसर आला असेल, तर मेहर मिळेपर्यंत तो राखून ठेवण्याचा तिला हक्क आहे. "म्हातारीला आम्ही घेऊन जाऊ" असे मुलगे सांगतात, तेव्हा थेट तिच्याशी बोला.

तिसरी, तोंडी हिबा. मुस्लिम व्यक्तीने केलेला तोंडी हिबा कायद्याला मान्य आहे. पण देण्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि ताबा देणे, या तिन्ही गोष्टी झालेल्या असाव्या लागतात. "अब्बांनी मलाच दिलं होतं" एवढ्यावर पैसे देऊ नका. घरपट्टी कुणी भरली, ताबा कुणाचा होता, हिब्यानंतर लिहिलेला एखादा कागद आहे का, ते बघा. आणि बाकीच्या वारसांना तो हिबा मान्य आहे, असे त्यांच्या सहीनिशी लिहून घ्या.

चौथी, वक्फ. २०१३ च्या दुरुस्तीने वक्फ मिळकतीची विक्री, बक्षीस, अदलाबदल आणि गहाण हे सगळे रद्दबातल ठरवले आहे. मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या लगतची जागा घेत असाल तर जुने फेरफार मागे मागे काढत जा, आणि महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाकडे चौकशी करा. मुतवल्लीने पावती दिली म्हणजे जागा तुमची होत नाही.

आता वहिवाटीकडे येऊ. आतापर्यंत प्रश्न होता, मालक कोण. हा प्रश्न वेगळा आहे. मालक पक्का आहे, सगळ्या वारसांच्या सह्या झाल्या आहेत, आणि तरीही त्या जागेवर दुसऱ्याचा काही हक्क आहे. तुमच्या अंगणातून मागच्या घरवाल्याची वाट आहे. त्याच्या मोरीचे पाणी तुमच्या जागेतून जाते. त्याच्या छपराच्या पागोळ्या तुमच्या बोळात पडतात. तुमच्या शेतातल्या विहिरीवर त्याची पाण्याची पाळी आहे. कायद्याच्या भाषेत याला सुविधाधिकार म्हणतात, आपण वहिवाट म्हणतो. यासाठीही १८८२ चाच एक वेगळा कायदा आहे.

हा हक्क माणसाला चिकटलेला नसतो, जमिनीला चिकटलेला असतो. मागच्या घरवाल्याने घर विकले तर त्याच्या खरेदीदाराला ती वाट मिळते. तुम्ही पुढचे घर घेतले तर तुम्हाला ती वाट द्यावी लागते. तुमच्या खरेदीखतात त्याचा उल्लेख नाही म्हणून तो हक्क नाहीसा होत नाही.

असा हक्क मुख्यतः चार वाटांनी येतो. एक, लिहून दिलेला. जुन्या वाटणीपत्रात 'पूर्वेकडून सहा फुटांचा सामाईक रस्ता' अशी ओळ असते, ती हाच हक्क आहे. दोन, गरजेचा, कलम १३. एकाच मिळकतीचे दोन तुकडे झाले आणि मागच्या तुकड्याला बाहेर पडायला दुसरा रस्ताच उरला नाही, तर पुढच्या तुकड्यातून वाट मिळते. गरज संपली की हा हक्क संपतो. तीन, दीर्घ वापराचा, कलम १५. वीस वर्षे उघडपणे, भांडण न करता, खंड न पडता आणि हक्क म्हणून वापर केला असेल तर तो हक्क पक्का होतो. चार, रूढीचा, कलम १८. गावात पिढ्यानपिढ्या एखाद्या शेताच्या कडेने जनाजा कब्रस्तानाकडे जातो. ती वाट सातबारावर लिहिलेली नसेल, पण शेत घेणाऱ्याने एक दिवस तिथे तारेचे कुंपण घातले की काय होते, ते तुम्ही जाणता. आधी वाट अडते, मग गाव तापते, आणि दोन दिवसांत मूळ प्रश्न बाजूला राहून त्याला भलताच रंग येतो. खरेदीच्या वेळी गावात चार माणसांना विचारले असते, तर हे सगळे टळले असते.

यापेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे परवानगी. "काका, पाऊस आहे, आमच्या अंगणातून जा" असे म्हणून दिलेली सवलत हा हक्क नाही. परवानगीने वापरलेली वाट वीस वर्षांनीही हक्क होत नाही, कारण ती हक्क म्हणून वापरलेलीच नसते. जागा विकली गेली की नवा मालक त्या परवानगीला बांधील नसतो. म्हणून दोन्ही बाजूंनी विचार करा. तुमच्या जागेतून दुसरा जातो, तेव्हा तो हक्काने जातो की परवानगीने, ते विचारा. आणि तुम्ही घेत असलेल्या घराला रस्ता आहे असे दलाल दाखवतो, तेव्हा तो रस्ता हक्काचा आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीचा, तेही विचारा. घर २४ लाखांचे असेल, पण त्यात शिरायची वाट मेहेरबानीची असेल, तर शेजारी बदलला की घर अडकले.

उजेड-वाऱ्याचाही हक्क असतो. जुन्या गावठाणात लोक एक मजल्याचे घर घेतात ते वर दुसरा मजला चढवायच्या हिशेबाने. शेजारच्या खिडकीतून वीस वर्षे उजेड येत असेल आणि तुमच्या भिंतीने त्याचे खरोखर मोठे नुकसान होणार असेल, तर तो कोर्टात जाऊ शकतो. नगरपालिकेने नकाशा मंजूर केला म्हणून शेजाऱ्याचा हा हक्क बुडत नाही. म्हणून घर बघायला जाल तेव्हा भिंतीच्या पलीकडे काय आहे, तेही बघा.

शेतजमिनीत वाट किंवा पाणी कुणी अडवले तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बांधावरून नवीन वाट हवी असेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली अर्ज करतात. सहा महिन्यांची ही मुदत कार्यकर्त्यांनी पाठच करावी, कारण लोक आपल्याकडे येतात ते सातव्या महिन्यात.

आता मुख्य मुद्दा. या सगळ्याचा करारावर काय परिणाम होतो?

मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ विकणाऱ्यावर जबाबदारी टाकते. मिळकतीत किंवा मालकीत मोठा दोष आहे, तो त्याला माहीत आहे, तुम्हाला माहीत नाही आणि साधी काळजी घेऊनही तुम्हाला कळला नसता, तर त्याने तो सांगितलाच पाहिजे. तुम्ही मागितल्यावर मालकीचे सगळे कागद दाखवले पाहिजेत. यातले 'साधी काळजी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. जमिनीखालून गेलेली शेजाऱ्याची पाइपलाइन विकणाऱ्याने सांगायची असते. पण अंगणातून मळलेली पायवाट डोळ्यांना दिसत होती, तर ती तुम्हाला माहीत होती असेच कोर्ट धरते. घरात भाडेकरू किंवा बहीण राहत होती, तर तिचा हक्कही तुम्हाला माहीत होता असे धरतात. नोंदणी झालेला दस्त तुम्ही वाचला नसला, तरी वाचला असे धरतात. "मला कुणी सांगितलं नाही" हे उत्तर तिथे चालत नाही, कारण विचारायचे काम तुमचे होते.

करार झाल्यावर हरकत निघाली तर? विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चे कलम १७ असे सांगते की ज्याला ठरलेल्या वेळी वाजवी शंकेपासून मुक्त अशी मालकी देता येत नाही, त्याला तुमच्यावर करार लादता येत नाही. म्हणजे बहिणीची हरकत खरी असेल, तर बाकीची रक्कम भरण्याची सक्ती विकणारा करू शकत नाही. तुम्ही दिलेला इसार आणि आगाऊ रक्कम मिळकतीवरचा बोजा म्हणून वसूल करण्याचा हक्क कलम ५५ तुम्हाला देते, व्याजासह. मात्र तुम्ही विनाकारण मागे फिरला असाल तर नाही.

पण प्रत्येक हरकत म्हणजे करार मोडण्याचे कारण नव्हे. कुणीतरी दूरच्या नातेवाइकाने रागाने दिलेला बिनपुराव्याचा अर्ज ही वाजवी शंका नाही. कागद मागा. वंशावळ काढा. हरकत घेणाऱ्याला समोर बसवा. आणि सगळ्यांत चांगले म्हणजे, हरकत खरी असेल तर तिला व्यवहारात सामील करून घ्या. आपल्या उदाहरणात दोन्ही बहिणी खरेदीखतावर विकणाऱ्या म्हणून सही देतात आणि २४ लाखांतले प्रत्येकी २ लाख ६२ हजार ५०० रुपये थेट त्यांच्या खात्यात जातात. खरेदीदाराला पूर्ण घर मिळाले, बहिणींना त्यांचा हक्क मिळाला, भावांना त्यांचाच हिस्सा मिळाला. खरेदीदाराने एक पैसाही जास्त दिला नाही. किंमत तीच, फक्त ती योग्य हातांत गेली.

म्हणून साठेखतात काय लिहून घ्यायचे, ते सांगतो.

इसार लहान ठेवा आणि चेकने द्या. मोठी रक्कम मालकी तपासून झाल्यावर. तपासासाठी मुदत लिहा, तीस दिवस, पंचेचाळीस दिवस. निदान तीस वर्षांचा शोध घ्या. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, सगळे फेरफार, सूची क्रमांक दोन आणि चालू दावे. सातबाराचा 'इतर हक्क' हा रकाना लोक वाचतच नाहीत. बोजा, कुळ, विहिरीतला हिस्सा, रस्ता हे सगळे तिथेच असते. भोगवटादार वर्ग दोन असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही.

सगळे वारस कोण, याचे प्रतिज्ञापत्र घ्या. त्यात बहिणींची, आईची, मयत भावाच्या मुलांची नावे आलीच पाहिजेत. कुणी सुटले तर ते भरून देण्याची जबाबदारी विकणाऱ्यांची, असे लिहा.

हद्द कायम मोजणी करून घ्या. वाट, बोळ, गटार, सामाईक भिंत, विहीर यांचे स्वतंत्र परिशिष्ट करा. किती फूट, कुठून कुठे, पायी की गाडीने, कुणासाठी. लगतच्या शेजाऱ्यांच्या सह्या मिळाल्या तर सोने. लिहिलेल्या वाटेवर भांडण क्वचित होते.

जाहीर नोटीस द्या, मराठी वर्तमानपत्रात आणि बहिणी राहतात त्या भागात जाणाऱ्या पेपरात, उर्दू असेल तर उर्दूत. पण एक गैरसमज काढून टाका. पंधरा दिवसांत हरकत आली नाही म्हणून कुणाचा हक्क संपत नाही. नोटिशीने तुम्ही काळजी घेतल्याचा पुरावा तयार होतो, एवढेच. लहान अक्षरांतल्या नोटिशीपेक्षा बहिणीला केलेला एक फोन जास्त कामाचा आहे.

हरकत आली तर काय, हे आधीच लिहा. किती दिवसांत विकणारा ती मिटवील, तोवर पुढचा हप्ता थांबेल, आणि मिटली नाही तर किती दिवसांत पैसे परत मिळतील. हे नसेल तर करार तुमच्या पैशांना बांधून ठेवतो. विकणाऱ्याच्या मसुद्यात 'मिळकत जशी आहे तशी' असे वाक्य असते, तिथे थांबा. कलम ५५ चे संरक्षण कराराने कमी करता येते, आणि ते वाक्य त्यासाठीच घातलेले असते. 'काही निघाल्यास विकणारा नुकसानभरपाई देईल' या हमीवरही फार विसंबू नका. हमी देणाऱ्याचा खिसा जेवढा, तेवढीच त्या हमीची किंमत. भावांनी पैसे खर्च करून टाकले, की कागदावरची हमी वाचत बसावी लागते.

आणि आधीच घेऊन बसलेल्यांचे काय? तुमच्यापैकी काहींच्या मनात तेच चालू असेल. कागद घेऊन बसा. ज्या वारसाची सही नाही, त्याच्याकडे आजच जा. बहिणीचा हिस्सा तिला देऊन तिच्याकडून नोंदणीकृत दस्त करून घ्या, आणि ती रक्कम विकणाऱ्यांकडून मागा. दहा वर्षांनी भाव तिप्पट झाल्यावर हीच तडजोड तुम्हाला परवडणार नाही. एक लक्षात ठेवा, तुम्ही हिस्सा घेतलेला असला तरी एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात बाहेरच्या खरेदीदाराला सामाईक ताबा मागता येत नाही. त्याला वाटपाचा दावा करावा लागतो, आणि १८९३ च्या वाटप कायद्याप्रमाणे घरातली मंडळी त्याचा हिस्सा विकत घेण्याची मागणी करू शकतात.

शेवटी कार्यकर्त्यांसाठी एक विनंती. आपण बहिणीच्या वारसाहक्काबद्दल सभा घेतो, पत्रके काढतो. ते चालू ठेवू. पण ज्या दिवशी आपल्या मोहल्ल्यातला प्रत्येक खरेदीदार पैसे देण्याआधी "तुमच्या बहिणी कुठे आहेत?" असे विचारील, त्या दिवशी भाषणांनी झाले नाही ते काम होईल. भावाला धर्म सांगितला, कायदा सांगितला, तरी तो ऐकतोच असे नाही. समोरचा माणूस बहिणीच्या सहीशिवाय इसार देत नाही म्हटल्यावर मात्र तो स्वतः बहिणीच्या दारात जातो. खरेदीदाराची सावधगिरी आणि बहिणीचा हक्क, ही दोन्ही कामे एकाच सहीने होतात.

म्हणून प्रत्येक मदत केंद्रात महिन्यातून एक दिवस कागद बघण्याचा ठेवू. कुणी घर घेणार असेल तर इसार द्यायच्या आधी कागद घेऊन यावे, एवढेच लोकांना सांगा. वंशावळ लिहायला, इतर हक्काचा रकाना वाचायला, वाट मोजायला वकील लागत नाही. ते तुम्ही करू शकता, पुढचे वकिलावर सोपवा.

आता प्रश्न विचारा. कागद सोबत आणले असतील तर जेवणाच्या सुट्टीत मी इथेच आहे.